कावेरीचं पाणी आणि मुळांची बुरशी

तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल आठवतो. पण या मुलखाचा खरा इतिहास पाण्याचा आहे. चोळांच्या काळचा कल्लणै बंधारा, १९३४ साली पुरं झालेलं मेट्टूर धरण, आणि १२ जून ही तिथून पाणी सोडायची ठरलेली तारीख. कुरुवै आणि सांबा ही भातपिकं त्यावरच उभी राहतात.

फौजेत एक गोष्ट पक्की शिकवतात: रसद तळावर येऊन भागत नाही, ती शेवटच्या चौकीपर्यंत पोचावी लागते. शेतातली शेवटची चौकी म्हणजे मूळ. तिथवरची वाहतूक बऱ्याच अंशी एक बुरशी सांभाळते.

१८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट फ्रांक यांनी या जोडीला 'मायकोरायझा', म्हणजे बुरशी-मूळ, असं नाव दिलं. प्रशियाच्या सरकारने त्यांना ट्रफल या जमिनीखालच्या महागड्या कवकाच्या लागवडीचा अभ्यास सांगितला होता. त्यातून कळलं की मुळावरची बुरशी हा रोग नव्हे, ती भागीदारी आहे. झाड साखर देतं. बुरशी स्फुरद आणि पाणी आणते. पिकांमधली बुरशी थेट मुळाच्या आत शिरते. तिचे तंतू केसाहून कितीतरी बारीक, त्यामुळे मूळ जिथे शिरत नाही त्या मातीच्या फटींत ते पोचतात.

दुष्काळात ही बुरशी कामी येते का? १९७१ साली अमेरिकेत साफिर, बॉयर आणि गर्डेमन यांना दिसलं की बुरशी असलेल्या सोयाबीनमध्ये पाणी कमी अडथळ्याने वाहतं. पण १९७२ साली त्यांनीच दाखवलं की भरपूर खत दिलं तर हा फरक उरत नाही. म्हणजे श्रेय पाण्याचं की पोषणाचं? वाद चालूच राहिला. २०२२ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी खूण केलेलं पाणी वापरून दाखवलं की बुरशी रानओटच्या रोपाला खरोखर पाणी पोचवते.

आता तंजावरकडे या. सांबा भात कापायच्या आठ-दहा दिवस आधी ओल्या चिखलात उडीद-मूग फेकून पेरतात. पुढे ते पीक उरलेल्या ओलीवर आणि दवावर जगतं. पण महिनोन्‌महिने पाणी साचलेल्या भातखाचरात हवा कमी, त्यामुळे ही बुरशीही कमी. गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच सोबती विरळ!

२०१६ साली तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ६२ टक्के कमी पडला. अशा वर्षी बुरशी पाणी निर्माण करू शकत नाही, हे स्पष्ट सांगतो. मातीत ओलच नसेल तर ती आणणार काय? पण थोडी ओल शिल्लक असेल तर ती पिकाला अधिक तग धरायला मदत करते.

म्हणून बंधारे सांभाळा, तशी मातीही सांभाळा. विनाकारण नांगरट केली की तंतूंचं जाळं तुटतं. स्फुरद गरजेपेक्षा जास्त टाकलं की झाड भागीदाराला पोसत नाही. मराठवाड्यात उरलेल्या ओलीवर हरभरा घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.