दऱ्यांचा दर्या कसा झाला?

‘भिवंडी’ आणि ‘भिवण्डी’. मराठी वाचक दोन्हींत यंत्रमागांचे तेच शहर ओळखतो. संगणक मात्र अक्षरे वाचत नाही. त्यांना दिलेले क्रमांक ताडून पाहतो. अनुस्वाराचा क्रमांक वेगळा, पाय मोडलेल्या ‘ण’चा वेगळा. त्याच्या लेखी ही दोन गावे.

दोन शब्द एकच केव्हा मानावेत, कोणता आधी लावावा, याचे इंटरनेटवरील नियम दीर्घकाळ इंग्रजीपुरतेच होते. मार्च २००७ मध्ये ख्रिस न्यूमन, मार्टिन ड्यूर्स्ट आणि आर्न्ट गुलब्रान्डसेन यांच्या ‘आरएफसी ४७९०’ने अशा नियमांची नोंदवही उघडली. तिच्यातील एक नियम इंग्रजीची कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे समान धरतो. देवनागरीत तो भेदच नाही. मराठीला ही सवलत निरुपयोगी! त्याच वर्षी ऑक्टोबरात मार्क क्रिस्पिन यांनी युनिकोडसाठी सोपा नियम दिला, परंतु अनुक्रम अखेर क्रमांकांचाच राहिला. त्यात ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर.

अनुक्रम चुकला तर शोधायला वेळ लागतो. ओळख चुकली तर अर्थच जातो, आणि तसे घडले ते संकेतस्थळांच्या नावांत.

‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. २००३ च्या नियमांनुसार नावांची तुलना करण्यापूर्वी अशी अदृश्य चिन्हे गाळली जात. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिन्हाने दोन नावांत भेद पडावा, हे धोक्याचेच. त्यामुळे हेतू समजण्याजोगा होता. पण चिन्ह गेले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होई. स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यास’ दिलेले आमंत्रण ‘आचार्यास’ पोहोचे.

ऑगस्ट २०१० मध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले. पाय मोडलेल्या अक्षरानंतर ते जोडचिन्ह आता ग्राह्य ठरले. २०१४ मध्ये ‘.भारत’ची नोंदणी सुरू झाली, तेव्हा हा भेद नियमांत आलेला होता. मात्र त्यातून उलटा पेच उभा राहिला: दोन प्रकारे लिहिलेले ‘दऱ्या’ दिसायला हुबेहूब, पण या नियमांच्या दृष्टीने दोन वेगळी नावे. त्यांपैकी कोणते द्यायचे, की दोन्ही एकाच मालकाला, हे नोंदणी करणाऱ्यांवर सोपवलेले आहे. ‘भिवंडी’ आणि ‘भिवण्डी’ यांनाही हे नियम एक मानत नाहीत.