स्वस्त इलेक्ट्रिक स्प्रे गनने घरीच कार रंगवता येते का? खरं काय, खोटं काय

ते रील तुम्ही पण पाहिलं असेल. एक जण हातातली ड्रायरसारखी दिसणारी गन चालू करतो, ओरखडे पडलेल्या बंपरवरून दोनदा फिरवतो आणि तीस सेकंदांत बंपर शोरूममधून आल्यासारखा चमकतो. खाली लिंक. किंमत दोन-तीन हजार. गॅरेजवाला एका पॅनेलचे जेवढे सांगतो, त्याहून कमी! मग हात शिवशिवणारच.

माझेही शिवशिवले. मालाडला आमच्या सोसायटीत बाबांची जुनी पांढरी हॅचबॅक उभी असते. तिचा डावा फेंडर खरवडला होता आणि मी इंजिनिअर असल्याचा मला जरा जास्तच आत्मविश्वास होता. त्यातून जे शिकलो आणि नंतर नीट वाचून, पेंटरला विचारून जे समजलं, ते इथे एका ठिकाणी मांडतोय. आधी तंत्र समजून घेऊ, मग निर्णय तुमचा.

ही गन आतून कशी चालते?

रंग फवारायचा म्हणजे द्रवाचे अगदी बारीक थेंब करायचे. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ॲलन डिव्हिल्बिस नावाच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या घशात औषध फवारायचं यंत्र बनवलं आणि पुढे त्यांच्या मुलाने त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. डिव्हिल्बिस हे नाव आजही स्प्रे गनवर दिसतं.

स्वस्त इलेक्ट्रिक गनमध्ये एक छोटी मोटर असते, साधारण ४०० ते ७०० वॅटची. ती पंखा फिरवते, म्हणजे टर्बाइन. या हवेचा थोडा भाग खालच्या डब्यात जाऊन रंगाला वर ढकलतो आणि उरलेली हवा नोझलपाशी त्या रंगाचे थेंब करते. हवा भरपूर, पण दाब कमी. या प्रकाराला एचव्हीएलपी म्हणतात.

मग गॅरेजच्या गनमध्ये काय वेगळं असतं?

गॅरेजमधली चांगली गनही बऱ्याचदा एचव्हीएलपीच असते. फरक दाबात आहे.

- कॉम्प्रेसरवरच्या एचव्हीएलपी गनच्या टोकाला १० पीएसआयपर्यंत दाब मिळतो. हातातल्या स्वस्त इलेक्ट्रिक गनला साधारण ०.१ ते ०.२ बार, म्हणजे दीड ते तीन पीएसआय. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये तीसच्या आसपास पीएसआय असतो, यावरून अंदाज घ्या.
- कारच्या बेस कोट आणि क्लिअर कोटसाठी १.३ किंवा १.४ मिमीचं नोझल वापरतात. स्वस्त गनसोबत येणारी नोझल बहुतेक १.८ ते २.६ मिमीची असतात. ती भिंत, कुंपण, लाकूड यांच्यासाठी ठीक आहेत.
- गॅरेजच्या गनला रंग, हवा आणि फवाऱ्याची रुंदी यांचे वेगवेगळे स्क्रू असतात. इथे बहुतेक वेळा एकच नॉब, रंगाचा.

दाब कमी आणि भोक मोठं, म्हणजे थेंब जाड. जाड थेंब पत्र्यावर पडून नीट पसरायच्या आत सुकायला लागतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. पेंटर लोक त्याला ऑरेंज पीलच म्हणतात. रंग पातळ केला तर थेंब बारीक होतात, पण मग ओघळ येतात. या दोन टोकांच्या मधली जागा या गनमध्ये फारच अरुंद आहे.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नाही

कंपनीतून येणाऱ्या गाडीवर पत्र्यापासून वर मोजत गेलो तर गंजरोधक ई-कोट, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपला एक केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर दोन केसांएवढी! एवढ्या पातळ थरात चूक लपवायला जागा नसते.

काही जुन्या सपाट रंगाच्या गाड्यांना, विशेषतः पांढऱ्या, वेगळा क्लिअर कोट नसतो. ओळखायची सोपी युक्ती सांगतो. कोपऱ्यात थोडं रबिंग कंपाउंड घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर सिंगल स्टेज, नाही लागला तर वर क्लिअर कोट आहे.

सपाट रंग चुका माफ करतो. मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमच्या गेलेल्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी आठवा. त्यांचा रंग सपाट होता, त्यामुळे एखादा भाग नव्याने रंगवला तरी लांबून खटकत नसे. सिल्व्हर किंवा ग्रे मेटॅलिकचं तसं नाही. त्यातले ॲल्युमिनियमचे कण सगळीकडे सारखे बसले नाहीत तर पट्टे आणि ढग दिसतात. स्वस्त गनने मेटॅलिक मारू नका, एवढं तरी लक्षात ठेवा.

कोणता रंग, कोणता धोका?

- एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज: आपले सुतार आणि पेंटर अजून ज्याला ड्युको म्हणतात ते हेच. ड्युको हे मुळात १९२० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने आणलेल्या रंगाचं नाव. थिनर उडून गेला की हा रंग सुकतो. सोपा आहे, पण पेट्रोल आणि उन्हापुढे कमजोर.
- सिंथेटिक एनॅमल: खिडकीच्या ग्रिलला मारतो तो. स्वस्त, पण सुकायला वेळ लागतो आणि तोवर धूळ चिकटते.
- टू-के पीयू: रंग आणि हार्डनर मिसळून मारायचा. गॅरेजमध्ये टिकाऊ काम याचंच होतं. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारताना ते श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो आणि धोका कळेल असा वास येईलच असं नाही. साधा एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. या कामासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर घरी टू-के अजिबात नाही. इथे जुगाड चालत नाही.

थिनर आणि मोटर: सगळ्यात महत्त्वाचा भाग

ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, ॲसिटोनचा तर शून्याखाली जवळपास २० अंश. मुंबईत थंडीतही एवढं तापमान उतरत नाही. म्हणजे आपल्याकडे थिनरचा डबा उघडला की तो वर्षभर, चोवीस तास पेट घ्यायच्या स्थितीत असतो.

आता स्वस्त गनची मोटर बघा. तिच्यात बऱ्याचदा कार्बन ब्रश असतात आणि ते फिरताना बारीक ठिणग्या पाडतात. ही मोटर तुमच्या हातात, रंगाच्या डब्यापासून वीतभर अंतरावर असते आणि आजूबाजूची हवा आत ओढत असते. मोकळ्या हवेत वाफ विरून जाते. बंद जागेत ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठते. म्हणूनच कुठल्या फ्लॅश पॉइंटखालचा द्रव वापरायचा नाही हे गनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. रीलवाला ते वाचून दाखवत नाही. मीही वाचलं नव्हतं.

मी पहिला प्रयोग केला तो सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, रात्री साडेनऊला, कुणी बघत नाही म्हणून. फक्त प्रायमर, जेमतेम दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खाली बोलावलं. त्यांच्या काळ्या गाडीच्या टपावरून हात फिरवायला सांगितला. बारीक पॉलिश पेपरवर हात फिरवल्यासारखं वाटलं. माझ्या गनमधून उडालेले कण हवेतच सुकून तिथे जाऊन बसले होते. क्ले बारने ते काढायला चार तास गेले. काका ओरडले नाहीत, शेजारी उभे राहून फक्त एवढंच म्हणाले, "अरे, मीटर रूम कुठे आहे पाहिलंस का?"

मीटर रूम माझ्या मागे दहा पावलांवर होती. दार जाळीचं. वर सात मजले माणसं झोपायच्या तयारीत. रंग बिघडला तर पैसे जातात, इथे काय गेलं असतं याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

म्हणून नियम साधा: स्टिल्ट, बेसमेंट, गॅलरी, जिना, खोली यांपैकी कुठेही थिनरवाला रंग फवारायचा नाही. मोकळं मैदान किंवा अंगण असेल तरच, आणि तेही आजूबाजूला गाड्या, गॅस, देवघरातला दिवा, विडी-सिगारेट काही नसताना.

मालाडची हवा आणि रंग

थिनर उडताना पत्र्याचा पृष्ठभाग थंड होतो. हवेत ओलावा जास्त असेल तर त्यावर पाणी धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. याला ब्लशिंग म्हणतात. पावसाळ्यात आपल्याकडे हे हमखास होतं. हळू उडणारा थिनर किंवा रिटार्डर घातला तर थोडा फायदा होतो, पण जून ते सप्टेंबर हे काम टाळणंच बरं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, तोही दव उडून गेल्यावर, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान. दुपारी मार्वेकडून समुद्राचा वारा सुटला की धूळ आणि खारा ओलावा दोन्ही येतात.

कागदपत्रं विसरू नका

आहे तोच रंग परत मारत असाल तर काही करावं लागत नाही. पण रंग बदलणार असाल तर तो आरसीवर लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीत नोंद, दोन्ही लागतं. मालाडकरांसाठी ते बोरिवलीचं, एमएच-४७ वालं. विमा कंपनीलाही कळवा. आणि ऑलिव्ह ग्रीन म्हणजे लष्करी हिरवा रंग तर खासगी गाडीला लावताच येत नाही, तो संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे.

तरीही करून बघायचंच असेल तर

१. सुरुवात स्वतःच्या गाडीवर नको. भंगारवाल्याकडून जुना फेंडर किंवा दार आणा आणि त्यावर हात बसवा.

२. रंगाचा कोड बघा. तो बॉनेटखालच्या प्लेटवर किंवा दाराच्या खांबावर असतो. उदाहरणार्थ, मारुतीचा सुपिरिअर व्हाइट म्हणजे २६यू. "पांढरा द्या" म्हणून रंग जुळत नाही.

३. पत्रा शाम्पूने धुवा, मेण आणि तेल काढा. गंज असेल तर आधी तो पूर्ण खरवडा.

४. खड्डा पुट्टीने भरा. ८० नंबरच्या पेपरने आकार द्या, मग १८० आणि ३२०. प्रायमरनंतर ६०० किंवा ८०० चा वॉटर पेपर पाणी लावून मारा. रंगकामाचा बहुतेक वेळ इथेच जातो आणि नेमका हाच भाग रीलमध्ये कापलेला असतो.

५. काच, रबर, टायर मास्किंग टेप आणि कागदाने झाका.

६. रंग गाळून घ्या. गनसोबत येणाऱ्या छोट्या कपातून रंग किती सेकंदांत गळतो ते मोजा आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळवा.

७. ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला मास्क, गॉगल, हातमोजे. हे नसतील तर गन चालूच करू नका.

८. गन पत्र्यापासून साधारण वीतभर अंतरावर, काटकोनात धरा. मनगट वळवू नका, पूर्ण हात सरकवा. ट्रिगर पॅनेलच्या बाहेर दाबा, बाहेरच सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा.

९. एक जाड थर मारण्यापेक्षा तीन पातळ थर मारा. मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ थांबा.

१०. काम झालं की लगेच गन धुवा. उरलेला थिनर गटारात ओतू नका.

बिघडलं तर का बिघडलं?

- संत्र्याची साल: रंग जाड, किंवा गन फार लांब.
- ओघळ: रंग पातळ, गन फार जवळ, किंवा हात मंद.
- गोल खळगे, म्हणजे फिश आय: पत्र्यावर मेण, तेल किंवा सिलिकॉन पॉलिश राहिलं.
- पांढरी झाक: हवेत ओलावा.
- वाळूसारखा खरखरीतपणा: थेंब पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकले.

मग गन घ्यायची की नाही?

घ्या, पण कशासाठी ते ठरवून. स्टीलच्या रिम्स, रूफ कॅरिअर, बंपरची खालची बाजू, घरातली लोखंडी शेल्फं, लाकडी स्टूल अशा कामांना ती छान आहे. जिथे लोक बघतात ते बॉनेट, दार, फेंडर मात्र गॅरेजला द्या. तिथे तुम्ही कॉम्प्रेसर, बंद बूथ आणि सरावलेला हात या तिन्हीचे पैसे देता.

माझं काय झालं? भंगारातला फेंडर मी वसईला मामाच्या अंगणात तीनदा रंगवला, तीनदा घासला. चौथ्यांदा जरा बरा झाला. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "आपल्या हॉलच्या भिंतीसारखा दिसतोय." गाडीचा खरा फेंडर शेवटी गॅरेजला गेला. पण चारही रिम्स मी स्वतः रंगवल्या, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका परवा त्या बघून म्हणाले, "माझ्यापण करून देशील का? वसईला हं, इथे नको."