राजाचे नाव, कारागिराचे हात

जुन्या फ्रेंच खुर्चीला जग आजही ‘सोळावा लुई’ म्हणते. पण ती घडवली कुणी? पॅरिसमध्ये सुतार सांगाडा करी, दुसरा नक्षी कोरी, तिसरा सोन्याचा मुलामा देई, चौथा गादी बसवी. १७४३ च्या नियमांनी सुतार-उस्तादाला लाकडावर आपल्या नावाचा शिक्का मारणे सक्तीचे केले. म्हणून जॉर्ज जाकोब हा शेतकऱ्याचा मुलगा इतिहासात उरला. त्याच्या हाताखाली राबणाऱ्यांना मात्र शिक्काच नव्हता! शिवाय उस्तादाच्या मुलाला उस्तादपद स्वस्तात मिळे, परक्याला महागात. १७९१ मध्ये क्रांतीने कारागीर-संघ मोडले. पण त्याच वर्षी ल शापलिए कायद्याने कामगारांच्या एकजुटीवरही बंदी घातली. १७९३ मध्ये राजाचे डोके उडाले, खुर्चीवरचे नाव मात्र शाबूत राहिले. इतिहास बसणाऱ्याचाच का? घडवणाऱ्याचा कधी लिहिणार?