मुखत्यारीवांचून वकिली



पेशवाईचा पत्रव्यवहार ज्यांनीं चाळला असेल, त्यांना दिल्ली दरबारांतील हिंगणे वकिलांचें नांव परिचित असेल. एका राज्यानें मुखत्यारी देऊन दुसऱ्या राज्याकडे धाडलेला मनुष्य, तो वकील. परराष्ट्रीय राजकारण म्हणजे अशा अधिकारी पुरुषांनीं बंद दालनांत चालविलेला व्यवहार. प्रजेनें त्याचा निकाल ऐकावा आणि युद्ध ठरल्यास मरावें, हीच बहुतेक देशांची रीत होती. ही रीत ज्यांनीं मोडली, त्यांपैकीं एका गृहस्थाची हकीकत आज सांगावयाची आहे. त्याच्यापाशीं कोणाचीहि मुखत्यारी नव्हती.

जिनीव्हाचा हेन्री ड्युनांट हा एक व्यापारी. अल्जीरियांतील आपल्या गिरणीच्या कामीं सवलती मिळाव्यात, म्हणून तो फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याच्या भेटीसाठीं इटलींत गेला होता. २४ जून १८५९ रोजीं सोल्फेरिनो येथें एका बाजूस फ्रान्स व सार्डिनिया आणि दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रिया, अशी घनघोर लढाई झाली. जवळच्या कास्तिल्योने गांवीं ड्युनांटनें काय पाहिलें? देवळें, घरें, रस्ते जखमींनीं भरून गेलेले, आणि पाण्याचा घोट द्यावयासहि पुरेशीं माणसें नाहींत. गांवच्या बायाबापड्यांना हाताशीं धरून त्यानें जखमा बांधल्या, पाणी पाजलें. समोरचा शिपाई कोणत्या पक्षाचा, हें त्या बायांनीं विचारलें नाहीं.

इतकें कोणीहि सहृदय माणूस करील. ड्युनांटचें वेगळेपण यापुढें आहे. घरीं परतल्यावर त्याच्या मनानें एकच प्रश्न धरला : जखमी शिपायाचें जगणें जवळच्या गांवाच्या दयेवर कां अवलंबून असावें? १८६२ सालीं त्यानें सोल्फेरिनोच्या आठवणींचें पुस्तक स्वखर्चानें छापून युरोपांतील राजे, सेनापति व मुत्सद्दी यांजकडे पाठविलें. त्यांत दोन सूचना होत्या. शांततेच्या काळांतच शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांचीं मंडळें उभारावीं. आणि राष्ट्रांनीं आपसांत करार करून या कार्याला आधार द्यावा.

१८६३ च्या फेब्रुवारींत जिनीव्हांत पांच गृहस्थांची समिति बसली. तींतूनच पुढें रेडक्रॉस संस्था उदयास आली. २२ ऑगस्ट १८६४ रोजीं बारा राष्ट्रांनीं पहिल्या जिनीव्हा करारावर सह्या केल्या. जखमी शिपाई, त्याचा वैद्य आणि त्याचें रुग्णालय यांना अवघ्या दहा कलमांनीं संरक्षण मिळालें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. सह्या राष्ट्रांच्याच लागल्या. ड्युनांटच्या सहीला कांहींच किंमत नव्हती. परंतु राष्ट्रांनीं कोणत्या कागदावर सही करावी, हें एका बिनपदाच्या माणसानें सुचविलें, ही घटना सामान्य नव्हे. तिचें मोल त्यानें स्वतः चुकविलें. १८६७ सालीं त्याचें दिवाळें निघालें, जिनीव्हा त्याला सोडावें लागलें, आणि पुढें कित्येक वर्षें जग त्याला विसरून गेलें. १९०१ सालीं शांततेचें पहिलें नोबेल पारितोषिक फ्रेडरिक पासी यांच्यासह त्याला मिळालें, तेव्हां तो स्वित्झर्लंडमधील हायडेन गांवच्या रुग्णालयांत राहत होता.

पुढच्या शतकांत नागरिकाचें हें स्थान वाढत गेलें. १९९२ सालीं सहा खासगी संस्थांनीं मिळून माणसांचे बळी घेणाऱ्या भूसुरुंगांविरुद्ध मोहीम उघडली. या वेळीं नागरिक केवळ दाराबाहेर उभे नव्हते; १९९७ सालीं ओस्लोच्या वाटाघाटींतहि त्यांचे प्रतिनिधि बसले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ओटावा येथें १२२ राष्ट्रांनीं करारावर सह्या केल्या, आणि ही मोहीम व जोडी विल्यम्स यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि समाधान मानून स्वस्थ बसावें, असें मात्र नाहीं. अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारत यांनीं त्या करारावर सही केलेली नाहीं. लांब सरहद्दी राखणाऱ्या राष्ट्रांची अडचण खरी आहे. तिची थट्टा करून चालणार नाहीं. युक्रेनचें युद्ध पाहून २०२५ सालीं पोलंड, फिनलंड आणि बाल्टिक राष्ट्रांनीं करारांतून माघार घेण्याचें ठरविलें. भय वाढलें कीं राष्ट्र आपली सही परत घेऊं शकतें.

म्हणूनच मुखत्यारीवांचून वकिली करणाऱ्यांचें काम सहीपाशीं संपत नाहीं. राष्ट्राला सरहद्द दिसते. त्या सरहद्दीवरील शेतांत पाय गमावलेला पोर कोणीतरी त्याला दाखवावा लागतो. हें दाखविण्याचा अधिकार कोणत्याहि दरबाराच्या सनदेनें मिळत नसतो. कास्तिल्योनेच्या बायांना तो कोणी दिला होता?