लोणारचे विवर आणि चंद्रविवरांची उपपत्ती

ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या परिसरातील डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, पारसिकचा रेल्वे-बोगदा ज्या खडकात खोदला गेला, तोच बेसाल्ट बुलढाणा जिल्ह्यातील लोणारपर्यंत पसरलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक होय. चंद्रावरील ‘समुद्र’ म्हणविले जाणारे काळसर प्रदेशही बेसाल्टचेच. लोणारच्या सरोवराची व चंद्रविवरांची उपपत्ती एकाच वळणाने चुकत गेली, यात म्हणूनच नवल नाही. जेथे सर्वत्र लाव्हा, तेथे खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असा तर्क दोन्हीकडे सहज ग्राह्य ठरला.

वस्तुतः आघाताची कल्पना जुनी आहे. रॉबर्ट हुक याने १६६५ साली ओल्या मातीत गोळ्या टाकून चंद्रविवरांसारखे खळगे उत्पन्न केले. परंतु अशा गोळ्या आकाशातून येणार कोठून, या शंकेने त्याने ती कल्पना सोडली व उकळत्या द्रव्यातील बुडबुड्यांचा दाखला अधिक मानला. त्याच्या काळी उल्कापाषाण आकाशातून पडतात हेच विद्वन्मान्य नव्हते, हे ध्यानी घेता त्याला दोष देता येत नाही. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने १८९३ मध्ये चंद्राविषयी आघाताचा पक्ष मांडला. पुढे एक अडचण उभी राहिली: तिरकस आलेल्या पिंडाने लांबट खड्डा पडावयास हवा, मग विवरे वर्तुळाकार का? याचे उत्तर वेगात आहे. सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने येणारा पिंड खडक नुसता खणत नाही. आदळताच त्याची ऊर्जा स्फोटासारखी मोकळी होते आणि आघाततरंग सर्व दिशांना सारखा पसरतो. त्यामुळे फार निमुळता कोन वगळता विवर गोलच होते, कडा उचलली जाते व फेकलेला खडक भोवती पसरतो.

याच गिल्बर्टने १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारचे साम्य दाखविले, आणि निष्कर्ष मात्र वाफेच्या स्फोटाच्या बाजूने दिला! चंद्राच्या बाबतीत बरोबर दिशा पकडलेला अभ्यासक पायाखालच्या विवराबाबत चुकला.

लोकपरंपरेने लोणारचा विचार वेगळ्या रीतीने केला. ‘लवण’ या शब्दाचे ‘लोण’ झाले. ग्रामनामात मीठ आहे, आघात नाही. लवणासुराच्या कथेत मात्र विष्णू असुराच्या भूमिगत निवासावरील झाकण दूर फेकतो. कथेला भूशास्त्रीय पुरावा मानणे अर्थातच अप्रयोजक होय. तथापि जमीन उघडून फेकली गेल्याची कल्पना ‘ज्वालामुख’ या शब्दापेक्षा सत्याच्या जवळ होती. ‘विवर’ हा शब्द या बाबतीत निर्दोष: तो केवळ पोकळी सांगतो, कारण सांगत नाही.

ज्वालामुखीच्या पक्षाला मूलभूत अडचण काळाची होती. दख्खनचे लाव्हाप्रवाह कोट्यवधी वर्षांपूर्वी थांबले, विवर तर पुष्कळच अर्वाचीन दिसते. १९६४ मध्ये लाफाँ व डीट्झ यांनी उल्काविवराची शक्यता मांडली. १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी सरोवरतळातील वेधनांच्या आधारे निर्णायक पुरावा दिला: भंगलेला बेसाल्ट आणि त्यात मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताच्या प्रचंड दाबाने काचरूप झालेले फेल्डस्पार. बेसाल्टमधील हे दुर्मिळ विवर चंद्राहून आणलेल्या नमुन्यांशी ताडून पाहता येते, हे त्याचे विशेष महत्त्व.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराचे वय मात्र वादग्रस्त राहिले. पूर्वीची गणना सुमारे ५० हजार वर्षांची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-पद्धतीच्या मापनाने ती सुमारे ५.७ लाखांवर गेली. दोन्ही आकडे चंद्राच्या मानाने अल्पच. तेथे वारा नाही, पाऊस नाही. सूक्ष्म उल्काकण व नवे आघात यांनीच काय ती झीज होते, म्हणून ३ अब्ज वर्षांहून जुनी विवरेही ओळखता येतात. लोणारच्या कडेवरून दर पावसाळ्यात ओहोळ उतरतात आणि माती सरोवरात नेऊन टाकतात.