जुन्या कागदांचीं छायाचित्रें आणि संशोधकाचा पहिला कॅमेरा

१. ज्या तरुण मंडळींस जुन्या कागदपत्रांचा नाद लागला आहे त्यांजकडून आम्हांस एक प्रश्न वरचेवर विचारण्यांत येतो. दप्तरें व पोथ्या यांचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ करावयाचा आहे, पदरीं पैसा बेताचा आहे, तर पहिला कॅमेरा कोणता घ्यावा? हा प्रश्न बाजाराचा आहे, इतिहासाचा नव्हे, असें समजून आम्ही तो पुष्कळ दिवस टाळीत आलों. परंतु विचारान्तीं असें दिसून आलें कीं, त्याचें उत्तर बाजारापेक्षां छायाचित्रणाच्या इतिहासांतच अधिक स्पष्ट सांपडतें. कॅमेरा स्वस्त व सुलभ करण्याचे आजपर्यंत जे प्रयत्न झाले त्यांत जुना कागद वाचणारा मनुष्य कारखानदाराच्या डोळ्यांसमोर क्वचितच होता. सबब आमचें प्रतिपाद्य एवढेंच कीं, संशोधकानें आपला पहिला कॅमेरा कागदाची गरज पाहून निवडावा. तसें केल्यास तो बहुधा स्वस्तच पडतो.

२. पॅरिस येथें ७ जानेवारी १८३९ रोजीं आरागो यानें दागेर याचा शोध विद्वत्सभेस कळविला व त्याच वर्षीं १९ ऑगस्ट रोजीं त्याची सर्व कृति प्रसिद्ध झाली. लागलीच जिरू नांवाच्या व्यापाऱ्यानें विक्रीस काढलेल्या कॅमेऱ्याची किंमत ४०० फ्रँक होती. म्हणजे तो श्रीमंतांचाच छंद होता. परंतु आपल्या दृष्टीनें किंमतीहून मोठे दोन दोष त्यांत होते. एक, रुपेरी पत्र्यावर उमटलेलें चित्र एकच असे, त्याच्या प्रती निघत नसत. दुसरा, तें आरशांतल्याप्रमाणें उलटें असे. मनुष्याचा चेहरा उलटा झाला तर फारसें अडत नाहीं, पण अक्षर उलटें झालें तर वाचणाराची पंचाईत होते.

३. याच सुमारास इंग्लंडांत टॅल्बट यानें कागदावरील मूळ छाप व त्यावरून हव्या तितक्या प्रती, ही रीत सिद्ध केली. १८४४ पासून त्यानें जो सचित्र ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला त्यांतील नववें चित्र एका जुन्या छापील पृष्ठाची हुबेहुब प्रत आहे. तें पृष्ठ दुसऱ्या रिचर्ड राजाच्या कायद्यांच्या पुस्तकांतील असून, ही युक्ति पुराणवस्तुशोधकांस मोठी उपयोगी पडेल असें टॅल्बटनें तेथेंच नमूद केलें आहे. विशेष हें कीं, या प्रतीस कॅमेरा लागलाच नाहीं. मूळ पृष्ठ रासायनिक कागदावर दाबून ठेवावें व उजेड दाखवावा, एवढ्यानें मूळच्याच आकाराची प्रत उतरली. म्हणजे जुन्या कागदाची छायाचित्रित प्रत हा विचार या कलेच्या अगदीं बाल्यावस्थेंतला आहे. तथापि मूळ पत्र उजेडांत तापविणें ही गोष्ट शाई व कागद यांस मानवणारी नव्हती, हेंही लक्षांत ठेवावें.

४. १८५१ सालीं आर्चर यानें कोलोडियनची ओली कांच प्रचारांत आणली व तिचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला नाहीं. तेणेंकरून ही कला झपाट्यानें पसरली. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड, ज्यांचें नांव शिलालेखांच्या वाचनाकरितां आपण आदरानें घेतों, त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार होते. परंतु ओल्या कांचेची रीत अशी कीं, कांचेवर लेप द्यावा, ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावी, ओली आहे तोंच चित्र घ्यावें, आणि वाळण्याच्या आंत अंधाऱ्या जागेंत तें उठवावें. आपल्या उन्हाळ्यांत हा अवधि किती थोडा राहत असेल याची कल्पना करावी. जेथें चित्र घ्यावयाचें तेथें अंधारा तंबू, रसायनें व मजूर हें सर्व बिऱ्हाड नेणें प्राप्त होतें. कॅमेरा उसना मिळाला तरी हा खर्च चुकत नसे.

५. तरी हा खटाटोप व्यर्थ नव्हता, याचें एक उदाहरण आपल्या प्रांतांतलेंच आहे. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत नकला वर्षानुवर्षें बसून केल्या. त्यांपैकीं बहुतेक विलायतेस क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेल्या असतां डिसेंबर १८६६ मधील आगींत जळून गेल्या. परंतु याच गिलनें घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें १८६४ सालीं फर्ग्युसनच्या विवेचनासह ग्रंथरूपानें निघालेलीं होतीं. तीं अनेक हातीं गेल्यामुळें वांचलीं. नक्कल कितीही सुंदर असो, ती एकाच ठिकाणीं असेल तर मूळाइतकीच नश्वर होय, हा धडा संग्राहकांनीं विसरूं नये.

६. पुढें १८७१ सालीं मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची वाट दाखविली, आणि अंधारा तंबू बरोबर नेण्याचें कारण उरलें नाहीं. मात्र त्या काळच्या साध्या कांचा निळ्या किरणांसच वश असत. तांबडा व पिवळा रंग त्यांस काळाच दिसे. आतां आपल्या पोथ्यांचा विचार करावा. लेखक चुकलेलें अक्षर हरताळ लावून पुसतो, आणि पुष्पिका, दंड किंवा शीर्षक हिंगुळानें लिहितो. साध्या कांचेवर हिंगूळ व काजळी शाई एकरूप होतात. पिवळा हरताळ तर काळपट डाग बनून उमटतो, आणि लेखकानें मुद्दाम पुसलेली जागा शाई सांडल्यासारखी किंवा कागद कुजल्यासारखी भासते. १८७३ सालीं फोगेल यानें रंग मिसळून कांचेची दृष्टि वाढविण्याची युक्ति शोधिली, व सर्व रंग ओळखणाऱ्या कांचा १९०६ च्या सुमारास बाजारांत आल्या. तेव्हां जुन्या पुस्तकांत पोथीच्या पानाचें एखादें छायाचित्र पाहून पाठाबद्दल तर्क करणारांनीं, तें कोणत्या कांचेवर घेतलें असेल हें आधीं मनांत आणावें.

७. स्वस्त कॅमेऱ्याची खरी कथा रॉचेस्टर येथील ईस्टमन याजपासून सुरू होते. १८८८ सालीं त्यानें कोडॅक कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर, आंत शंभर चित्रांची फीत भरलेली. शंभर चित्रें संपलीं कीं कॅमेरा कारखान्याकडे पाठवावा व १० डॉलर द्यावे, म्हणजे चित्रें तयार होऊन नवी फीत भरून येई. १९०० सालीं ब्राउनी कॅमेरा निघाला त्याची किंमत अवघा १ डॉलर, विलायतेंत ५ शिलिंग, म्हणजे त्या वेळच्या हुंडणावळीनें आपले पावणेचार रुपये. सहा चित्रांच्या फितीस १५ सेंट पडत. मुलांबाळांच्या हातीं कॅमेरा गेला तो येथून.

८. पण हिशेब मांडून पहावा. एका रुमालांत दोनशें पत्रें आहेत व तीं दोन्ही अंगांनीं घ्यावयाचीं आहेत, तर चारशें चित्रें झालीं. त्यांस ६७ फिती, व त्यांची किंमत १० डॉलरांहून थोडी अधिक. म्हणजे एका रुमालाच्या फितीसच कॅमेऱ्याच्या दसपट दाम, आणि चित्रें धुण्याचा व छापण्याचा खर्च निराळा. शिवाय असल्या पेटी-कॅमेऱ्याचें भिंग एकाच जागीं बसविलेलें असे. कांहीं हात दूर उभें असलेलें कुटुंब त्यांत स्पष्ट येई, परंतु वीतभर अंतरावरचें पत्र नुसतें धुरकट दिसे. हिंदुस्थानांत पुढें तयार झालेला आग्फा क्लिक कॅमेरा पुष्कळांच्या घरीं पहिला कॅमेरा म्हणून आला. त्याचाही गुण व दोष हाच. तो सणासमारंभाकरितां केलेला होता, मोडी वाचण्याकरितां नव्हे.

९. म्हणूनच १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढणाऱ्या राजवाडे यांनीं व त्यांच्या पिढीनें हातानेंच नकला केल्या, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. लेखणीचा खर्च कमी होता, आणि नक्कल करतां करतां वाचनही होत असे. १९२५ सालीं लायपझिगच्या जत्रेंत लायका कॅमेरा आला, १९२८ पासून धनादेशांच्या मायक्रोफिल्मचा धंदा सुरू झाला, व ही युक्ति ग्रंथालयांतही शिरली. जदुनाथ सरकार यांनीं परदेशी ग्रंथालयांतील फारसी हस्तलिखितांच्या रोटोग्राफ प्रती संग्रहीं आणून अभ्यास केला. परंतु हें संस्थांचें व मोठ्या विद्वानांचें सामर्थ्य होतें. खेड्यांतून हिंडणाऱ्या एकट्या संशोधकाचें नव्हे.

१०. ही अडचण ज्यायोगें दूर झाली तो शोधही ईस्टमनच्याच कारखान्यांतला. १९७५ सालीं सॅसन नांवाच्या तरुण अभियंत्यानें फितीवांचून चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचें असून तें कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज त्याच्या हजारों पट बिंदूंचें चित्र क्षणांत येतें, आणि दर चित्रामागें जो खर्च ओल्या कांचेपासून फितीपर्यंत पाठीस लागला होता तो जवळजवळ नाहींसा झाला. कॅमेऱ्याच्या इतिहासांत संशोधकाच्या पदरीं पडलेला मोठा लाभ हाच.

११. आतां मूळ प्रश्न. कागदाची गरज किती, हें अंकांनीं ठरवितां येतें. बारा इंच लांब व आठ इंच रुंद कागद घेतला, व दर इंचास ३०० बिंदु पुरेत असें धरलें, तर ३,६०० गुणिले २,४०० म्हणजे सुमारें ८६ लक्ष बिंदु होतात. ज्या कॅमेऱ्याचें चित्र ६,००० गुणिले ४,००० बिंदूंचें, म्हणजे २४ मेगापिक्सेलचें आहे, तो याच कागदावर दर इंचास ५०० बिंदु देतो. असे कॅमेरे कित्येक वर्षांपासून बाजारांत आहेत व वापरलेले मिळतात. तेव्हां नव्या मालाच्या मागें न लागतां भिंग बदलतां येईल असा जुना डिजिटल कॅमेरा घ्यावा. घेतांना भिंग उजेडासमोर धरून बुरशीचे तंतू पहावे, कारण मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत हा रोग फार. मग पांढऱ्या भिंतीचें चित्र घेऊन काळे ठिपके उमटतात कीं काय हें तपासावें. पैसा उरल्यास तो जवळून स्पष्ट दाखविणाऱ्या मॅक्रो भिंगावर खर्च करावा. न उरल्यास बरोबर मिळणारें साधें भिंग आरंभास चालतें.

१२. मात्र तिपाई व दिवे यांची रक्कम आधींच बाजूस काढून ठेवावी. महाग कॅमेरा हातांत हालला तर त्याची किंमत वायां जाते. स्वस्त कॅमेरा स्थिर असला तर तो काम देतो. दोन सारखे दिवे कागदाच्या दोन्ही बाजूंस तिरपे ठेवावे. कॅमेऱ्यावरचा चमकदिवा कधींही वापरूं नये. कागद व भिंग समांतर आहेत कीं नाहींत हें पाहण्यास कागदाच्या जागीं लहान आरसा सपाट ठेवावा. भिंगाचें प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्यें दिसलें म्हणजे झालें. शेजारीं मोजपट्टी व रंगपट्टी ठेवावी, म्हणजे हरताळ व हिंगूळ यांचा घोटाळा पुन्हां होणार नाहीं. ज्यांस हेंही शक्य नाहीं त्यांनीं खिशांतल्या मोबाइलनेंच आरंभ करावा. फक्त तो अक्षराची कड आपल्या मर्जीनें ठळक करतो, म्हणून पुसट जागीं त्यावर विसंबून पाठ ठरवूं नये.

१३. येथें आमचा एक प्रमाद सांगणें अवश्य आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांत आम्हांस शंभरावर मोडी पत्रांचा रुमाल एकच दिवस पहावयास मिळाला. स्नेह्यांकडून उसना आणलेला कॅमेरा उत्तम होता व चित्रें निर्दोष आलीं. परंतु घाईंत आम्हीं पत्रांची पुढचीच बाजू घेतली. पाठी कोऱ्या आहेत असें वरवर पाहून समजलों. पुढच्या पावसाळ्यांत त्या घराचें आढें खचलें व रुमालाचा लगदा झाला. आज त्या पत्रांपैकीं अकरांत चंद्र व महिना आहे, पण साल नाहीं. पत्र पावल्याची नोंद पाठीवर होत असे व तींत बहुधा साल येई, हें ठाऊक असूनही आम्हीं तें पान उलटलें नाहीं. तीं अकरा पत्रें आतां कोणत्या स्वारीचीं हें सांगतां येत नाहीं, आणि दोष कॅमेऱ्यास देतां येत नाहीं.

१४. सबब नव्या मंडळींस आमची विनंति अशी: कॅमेरा साधा घ्या, पण प्रत्येक पत्राचीं दोन्ही अंगें घ्या, कोरें दिसलें तरी घ्या. लांब बंद तुकड्यातुकड्यांनीं घ्या व जोड दोन्ही तुकड्यांत येऊं द्या. रुमाल व पत्र यांचे अनुक्रमांक त्याच दिवशीं वहींत लिहा. चित्रांच्या निदान तीन प्रती तीन ठिकाणीं ठेवा आणि एक कागदांच्या मालकाच्या स्वाधीन करा. गिलच्या नकलांची गत आपल्या श्रमांची होऊं देऊं नका. चांगला कॅमेरा मिळेल तेव्हां आरंभ करूं असें म्हणणारांच्या वाटेकडे वाळवी डोळे लावून बसत नाहीं.