पाच तास बत्तीस मिनिटे

१० ऑक्टोबर २०२०. पुण्याकडून येणारी ४०० केव्हीची एक वाहिनी इन्सुलेटर तुटल्याने बंद पडली. मुंबई आणि ठाण्याला बाहेरची वीज मोजक्या मोठ्या वाहिन्यांतून मिळते. त्यातली एक गेली, पण कुणाच्या घरातला दिवा विझला नाही, त्यामुळे बातमीही झाली नाही.

१२ ऑक्टोबर, सोमवार. पहाटे ४.३३. पडघा-कळवा क्रमांक १ ही वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. पडघा म्हणजे कल्याणच्या पलीकडचे, भिवंडी तालुक्यातले मोठे उपकेंद्र. क्रमांक १ चा भार शेजारच्या क्रमांक २ वर गेला.

सकाळी ६.५८. क्रमांक २ वर पडघ्यात मोठ्या ठिणग्या उडू लागल्या, म्हणून ती हाताने बंद करण्यात आली. निर्णय योग्यच होता. चालू ठेवली असती तर उपकरण जळाले असते, माणसेही भाजली असती.

सात ते दहा. दहानंतर मुंबईची वीज गेली, पण माझ्या मते सगळा अनर्थ या तीन तासांत घडला, आणि तेव्हा तर सगळीकडे दिवे लागलेले होते. उल्हासनगर-अंबरनाथच्या कुठल्याही वर्कशॉपमधला वायरमन ओव्हरलोड रिले ओळखतो. मोटर अडकली, करंट वाढला की रिले सुटतो, कॉन्टॅक्टर उघडतो, मोटर वाचते. तिथे एवढे पुरते, कारण पुरवठा तुटला की भारही थांबतो. ग्रिडमध्ये वाहिनी सुटली तरी तिच्यावरचा भार थांबत नाही, तो उरलेल्या वाहिन्यांवर जाऊन पडतो. प्रत्येक रिले आपापली वाहिनी वाचवतो. शहर वाचवणे हे त्याचे कामच नाही. ते काम माणसांचे आहे. शहरातल्या केंद्रांची निर्मिती वेळेत वाढवायची, आणि तेवढ्याने भागत नसेल तर काही भागांची वीज तासभर आपणहून बंद करायची. लोक चिडले असते, फोन खणखणले असते. तरीही ती बंद करायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

९.५८. पुणे-खारघर ४०० केव्ही वाहिनी ट्रिप.

१०.०५. उरलेल्या वाहिन्यांना भार पेलला नाही. आता शेवटचा उपाय होता आयलंडिंग: मुंबईने बाहेरच्या ग्रिडपासून तुटून ट्रॉम्बे आणि डहाणू या वीजकेंद्रांवर तग धरायचा. पण आतली निर्मिती मागणीपेक्षा कमी असली की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरत जाते आणि टर्बाइन स्वतःला वाचवण्यासाठी सुटतात. ट्रॉम्बे सुटले. डहाणू टिकले, पण त्याची वीज उपनगरांच्या काही भागापुरतीच होती. सुमारे २,२०० मेगावॅट पुरवठा गेला.

करोनाचे दिवस होते. लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेची माणसे होती, त्यात बदलापूर-अंबरनाथहून रोज निघणाऱ्या परिचारिका आणि सफाई कामगारही. गाड्या जागच्या जागी थांबल्या. रुग्णालये जनरेटरवर गेली, आणि मुंबई महापालिकेचे तत्कालीन आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी आठ तास पुरेल एवढे डिझेल ठेवण्याचे आदेश दिले. मुंबई विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

सावरायला टाटांची जलविद्युत केंद्रे उपयोगी पडली, कारण पाण्यावरचा संच औष्णिक संचापेक्षा कितीतरी लवकर सुरू होतो. दुपारी बाराच्या सुमारास लोकल हळूहळू हलू लागल्या. काही भागांत मात्र वीज यायला संध्याकाळ झाली.

मार्च २०२१ मध्ये राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी वीज जाण्यामागे सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक असल्याचे म्हटले. हॅकरच्या चर्चेत त्या तीन तासांचा विषय मागे पडला. मुंबई शहरात शिरणारी ४०० केव्हीची पहिली वाहिनी, खारघर-विक्रोळी, सुरू झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.